आपले जुने चित्रपट आणि त्यांतील स्त्रिया



गेल्या वर्षी आपल्या मंडळाने दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी एक जुना मराठी चित्रपट दाखविण्याचा उपक्रम केला, हे आपणांस ठाऊकच आहे. संतपट झाला, सामाजिक झाला, विनोदी झाला, तमाशापटही झाला. त्या निमित्ताने चार शब्द लिहावेत, असे संपादक मंडळाने मला सांगितले. मी काही समीक्षक नव्हे. परंतु हे निरनिराळ्या जातींचे चित्रपट पाठोपाठ पाहताना एक गोष्ट माझ्या मनात घर करून बसली. चित्रपट कोणत्याही प्रकारचा असो, त्यात बाईला जी जागा मिळाली ती कथा लिहिणाराने दिली त्यापेक्षा भूमिका करणाऱ्या स्त्रीने अधिक मिळविली, आणि तिची किंमतही बहुधा तिनेच मोजली.

आरंभी तर जागाच नव्हती. दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजी मुंबईत गिरगावातील कॉरोनेशन चित्रपटगृहात लागला. त्यातील तारामती होते अण्णा साळुंके, पूर्वी एका खाणावळीत काम करणारे गृहस्थ. बायको म्हणून पडद्यावर उभी राहावयास एकही स्त्री मिळेना. याच साळुंक्यांनी १९१७ च्या ‘लंकादहन’मध्ये राम आणि सीता अशा दोन्ही भूमिका केल्या! आज हसू येते खरे.

पण पडद्यावर स्त्री नव्हती म्हणून चित्रपटात स्त्री नव्हती असे मात्र नाही. सरस्वतीबाई फाळके यांनी आपले दागिने दिले. रात्री अंधारात बसून कोऱ्या फिल्मच्या कडेला भोके पाडली, फिल्म धुण्याची रसायने कालविली आणि दिवसा कंपनीतील सगळ्यांचा स्वयंपाक रांधला. आपल्याकडील पहिल्या चित्रपटाचे तंत्र जाणणाऱ्यांत एक गृहिणी होती, ही गोष्ट आपल्या मुलींना शाळेत कोणी सांगत नाही. फाळक्यांच्याच ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये १९१३ साली दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमलाबाई या मायलेकी पडद्यावर आल्या. आई पार्वती, मुलगी मोहिनी. सिनेमात काम करणारी बाई म्हणजे घराबाहेर टाकलेली बाई, असे मानण्याचे ते दिवस होते.

पौराणिक बोलपटाने ही समजूत थोडी हलविली. कोल्हापूरच्या प्रभात कंपनीचा ‘अयोध्येचा राजा’ १९३२ मध्ये निघाला. पुन्हा हरिश्चंद्राचीच कथा. पण या वेळी तारामती झाल्या दुर्गा खोटे. सुशिक्षित, प्रतिष्ठित घराण्यातील, दोन मुलांची आई. आदल्या वर्षी ‘फरेबी जाल’ नावाच्या सुमार चित्रपटात छोटे काम केल्याबद्दल त्यांच्यावर चहूकडून टीका झाली होती. तारामतीने ती पुष्कळशी पुसली. मला वाटते, पुराणातील पतिव्रतेचा पदर डोक्यावर होता म्हणूनच समाजाने ही नवी गोष्ट खपवून घेतली.

आता ‘संत तुकाराम’. दामले आणि फत्तेलाल यांनी दिग्दर्शित केलेला हा १९३६ चा संतपट मुंबईत वर्षाहून अधिक काळ चालला आणि १९३७ मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात गौरविला गेला. तुकाराम झालेले विष्णुपंत पागनीस थोरच. परंतु आपल्या सभागृहात त्या दिवशी बायकांनी पाहिली ती जिजाई. देवाच्या नादी लागलेल्या नवऱ्याचा संसार ओढणारी, म्हशीवर जीव लावणारी, पोर आजारी पडले तेव्हा त्याला घेऊन तरातरा देवळात जाऊन विठोबावरच पायताण उगारणारी! शेवटी विमान येते, तुकाराम बोलावतो, तरी ही पोरांसाठी मागे राहते. माझ्या शेजारी बसलेल्या ज्येष्ठ भगिनी पुटपुटल्या, “जाईल कशी? चुलीवर काहीतरी असेल.” भूमिका करणारी गौरी रंगभूमीवरील नामवंत नटी नव्हती, प्रभातमध्ये साधी कामे करता करता ती येथवर पोहोचली होती. चित्रपट भक्तीचा, पण भाकरीचा हिशेब गौरीने मांडला.

सामाजिक चित्रपटांत ‘कुंकू’ (१९३७) हा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. ना. ह. आपटे यांच्या ‘न पटणारी गोष्ट’ या कादंबरीवरून व्ही. शांताराम यांनी तो केला. अनाथ नीराचे लग्न तिचा मामा फसवून एका वृद्ध वकिलाशी लावून देतो. नीरा रडत बसत नाही. या लग्नाला ती मनाने आणि देहाने नकार देते. चित्रपटात पार्श्वसंगीत नाही, घरातील आवाज तेवढे ऐकू येतात; त्यामुळे त्या वाड्यातले कोंडलेपण आपल्या कानांत शिरते. केशवराव दात्यांचे काकासाहेब इतके जिवंत आहेत की त्यांचा राग येतो आणि कीवही येते. मात्र शेवटी म्हाताऱ्याच्या आत्महत्येने गाठ सोडविली, ही मला पळवाट वाटते. तो जगता तर नीराने काय केले असते?

नीरेचे काम केले शांता आपटे यांनी. पडद्याबाहेरही त्या नीराच होत्या. १९३९ मध्ये करारावरून तंटा झाला तेव्हा प्रभातच्या फाटकाशी बसून त्यांनी उपोषण केले, आणि पुढच्या वर्षी ‘जाऊ मी सिनेमात?’ हे पुस्तक लिहून या धंद्याची आतली बाजू मुलींपुढे ठेवली. याच चित्रपटात काकासाहेबांच्या समाजकार्य करणाऱ्या मुलीची भूमिका शकुंतला परांजपे यांनी केली. त्यांना अभिनय फारसा करावा लागला नसेल! केंब्रिजला गणित शिकून आलेल्या या बाई संततिनियमनाचा प्रचार उघडपणे करीत असत.

विनोदी ‘ब्रह्मचारी’ (१९३८) अत्र्यांचा. ब्रह्मचर्याच्या ढोंगाची त्यात यथेच्छ टिंगल आहे. मीनाक्षी शिरोडकर पोहण्याच्या पोशाखात आल्या म्हणून ओरड झाली, आणि ओरडणारेही तिकिटाच्या रांगेत होते म्हणे. १९३९ च्या ‘माणूस’मधील मैना मात्र डोळ्यांसमोरून हलत नाही. पोलीस शिपायाच्या प्रेमात पडलेली ही वेश्या त्याच्या घरी जाते आणि त्याच्या देवभोळ्या आईसमोर उभी राहवत नाही म्हणून पळते. शांता हुबळीकरांनी तिला गरीब बिचारी होऊ दिले नाही.

तमाशापट आमच्या घरी वर्ज्य होते. माझ्या आईला ‘श्यामची आई’ पाहण्याची मुभा होती. तो १९५३ चा अत्र्यांचा चित्रपट, ज्याला राष्ट्रपतींचे पहिले सुवर्णपदक मिळाले आणि ज्यातील वनमालाबाईंची आई पाहून घरोघरी डोळे पुसले गेले. पण १९४७ चा ‘रामजोशी’ तिने कधी पाहिला नाही. त्यातील बया म्हणजे हंसा वाडकर. त्याच हंसाबाईंनी १९४१ मध्ये ‘संत सखू’ केली होती. एकाच स्त्रीला देव्हाऱ्यात आणि फडात उभे करणारे प्रेक्षक आपणच होतो. १९५९ च्या ‘सांगत्ये ऐका’ने पुण्यात दोन वर्षांहून अधिक मुक्काम ठोकला, आणि १९७० मध्ये हंसाबाईंनी आपल्या आत्मचरित्राला तेच नाव दिले. दारू, संसाराची परवड, पुरुषांचे अनुभव, काहीही त्यांनी झाकले नाही. त्यावरूनच श्याम बेनेगल यांनी १९७७ मध्ये हिंदी ‘भूमिका’ काढला. हंसाबाईंवर बेतलेली नायिका रंगविली स्मिता पाटील यांनी.

स्मिताबाईंचाच ‘उंबरठा’ (१९८२) आपण सर्वांत शेवटी पाहिला. जब्बार पटेलांचा हा चित्रपट शांता निसळ यांच्या ‘बेघर’ कादंबरीवर आहे. महिलाश्रमाची नोकरी करण्यासाठी सुलभा घराबाहेर पडते, परतते तेव्हा नवऱ्याच्या आयुष्यात दुसरी स्त्री असते, आणि ती पुन्हा घर सोडते. येथे कोणी वृद्ध मरत नाही, विमान येत नाही. मुलीला सोडून जायला नको होते, असे निम्म्या जणी म्हणाल्या. निम्म्या जणींनी तो प्रश्न नवऱ्याला का विचारीत नाही, असे विचारले. चहा निवून गेला, सभागृहाची वेळ संपली, तरी जिन्यावर बोलणे चालूच होते.