वैतरणेचें पाणी आणि मुंबईचा नळ

राजे आणि लढाया यांचा इतिहास शाळेंत शिकविला जातो. परंतु घरांत पाणी कोठून आलें आणि वापरल्यावर तें कोठें गेलें, याचा इतिहास सहसा कोणी विचारीत नाहीं. वास्तविक कोणत्याहि शहराचें आरोग्य या दोन प्रश्नांच्या उत्तरांवर अवलंबून असतें. मुंबईच्या बाबतींत त्यांच्या जोडीला तिसराहि एक प्रश्न उभा राहतो: ज्या मुलखांतून पाणी आलें, त्या मुलखाच्या वांट्याला काय आलें?

मुंबईचें बेट खाऱ्या पाण्यानें वेढलेलें. गोडें पाणी म्हणजे विहिरींचें आणि तळ्यांचें. धोबीतलाव, गोवालिया टँक हीं आतां केवळ वस्त्यांचीं नांवें म्हणून उरलीं आहेत. तेथील तळीं केव्हांच बुजलीं. १८५४ च्या उन्हाळ्यांत पाण्याचा असा दुष्काळ पडला, कीं गुरें शहराबाहेर हांकावीं लागलीं आणि होड्यांनीं व वर्षापूर्वींच सुरू झालेल्या आगगाडीनें पाणी आणावें लागलें. योगायोग असा, कीं त्याच वर्षीं लंडनच्या ब्रॉड स्ट्रीटवरील पटकीची सांथ एका दूषित पंपाच्या पाण्यामुळें पसरली, हें डॉ. जॉन स्नो यांनीं दाखवून दिलें. पाणी नसणें हें जसें संकट, तसेंच दूषित पाणी असणें हेंहि संकटच. पुढें कोनीबेअर या इंजिनियरच्या योजनेनुसार मिठी नदी अडविण्यांत आली आणि १८६० सालीं विहार तलावाचें पाणी नळानें शहरांत आलें.

पाणी आणण्याचें काम ज्या तांतडीनें झालें, त्या तांतडीनें तें बाहेर काढण्याचें काम मात्र झालें नाहीं. मैला टोपल्यांतून वाहून नेणाऱ्या हलालखोर कामगारांच्या श्रमांवर शहराची स्वच्छता चालत असे, आणि सांडपाणी सखल वस्त्यांत तुंबून राही. डॉ. लीथ यांनीं १८६४ सालीं शहराच्या आरोग्याविषयीं अहवाल दिला. १८६५ सालीं आर्थर क्रॉफर्ड हे पहिले म्युनिसिपल कमिशनर झाले. त्यानंतर हळूहळू भुयारी गटारें झालीं आणि वरळीस लव्हग्रोव्हचें पंपघर उभें राहिलें. आज वरळी व वांद्रें येथून किनाऱ्यापासून तीन किलोमीटरांहून अधिक दूर जाणाऱ्या बोगद्यांनीं मैलापाणी समुद्रांत सोडलें जातें. नळ वाढला कीं गटारहि वाढवावें लागतें, हा धडा मुंबईला असा सावकाश शिकावा लागला.

विहारमागोमाग १८७९ सालीं तुळशी तलाव झाला. पण वाढत्या शहराची तहान जवळच्या टेंकड्यांवर भागेना. म्हणून दृष्टि सह्याद्रीच्या पायथ्याकडे वळली, आणि १८९२ सालीं शहापुराकडील तानसा धरणाचें पाणी मुंबईस पोहोंचलें. याच सुमारास इंग्लंडांतहि असेंच कार्य चाललें होतें. कंबरलंड परगण्यांतील थर्लमीर तळें उंच बांध घालून वाढविण्यांत आलें आणि ९६ मैलांच्या कालव्यानें, केवळ उताराच्या बळावर, १८९४ सालीं तें पाणी मँचेस्टरला आलें. या योजनेला तेथील लोकांनीं कडवा विरोध केला होता. पार्लमेंटनें परवानगी दिली, परंतु कालव्याच्या मार्गालगतच्या वस्त्यांनाहि पाणी पुरविण्याची तरतूद तिच्यांत ठेवली. वाटेवरच्या गांवाचा पाण्यावर कांहीं हक्क आहे, ही गोष्ट निदान कायद्याच्या कागदावर मान्य झाली.

स्वातंत्र्यानंतर मुंबईनें वैतरणा नदी गांठली. त्र्यंबकेश्वराजवळ उगम पावणाऱ्या या नदीवर प्रथम मोडक सागर झाला; शहराचे इंजिनियर नानासाहेब मोडक यांचें नांव त्याला दिलेलें आहे. १९७३ च्या सुमारास अप्पर वैतरणा धरण झालें. पुढें मोखाडा तालुक्यांतील कोचाळे गांवाजवळ सुमारें १०२ मीटर उंचीचें मध्य वैतरणा धरण उभें राहून २०१२ सालीं पुरें झालें. भातसा धरण धरून आज मुंबईला रोज साडेतीन हजार दशलक्ष लिटरांहून अधिक पाणी मिळतें, आणि त्यांत विहार व तुळशी यांचा वांटा अगदींच अल्प आहे.

आतां नदीच्या कांठावरून वर पठारावर गेलें पाहिजे. जव्हार हें मुकणे राजांचें संस्थान १९४८ सालीं मुंबई प्रांतांत विलीन झालें. जव्हार व मोखाडा हे दोन्ही तालुके २०१४ पासून पालघर जिल्ह्यांत आहेत. जव्हार तालुक्यांतील साखरशेत आणि त्याच्यासारखीं अनेक गांवें या डोंगरी मुलखांत वसलेलीं आहेत. येथें पाऊस शंभर इंचांच्या घरांत पडतो. तरी उन्हाळ्यांत अनेक पाड्यांवर पिण्याचें पाणी मिळणें कठीण होतें. कारण गूढ नाहीं. काळ्या पाषाणावर माती थोडी, उतार तीव्र. पाणी मुरण्यापूर्वींच ओढ्यांवाटे दरींत उतरतें. पाडे वर आणि जलाशय खालीं. मुंबईकडे पाणी उतारानें जातें. पाड्याकडे तें चढवावयाचें, तर पंप, वीज, दुरुस्ती आणि या सर्वांचा खर्च आला. म्हणून मार्च सरला, कीं ओढ्याच्या पात्रांत झिरा उकरून वाटीवाटीनें हंडा भरावा लागतो, नाहींतर टँकरची वाट पाहावी लागते. वारली, कोकणा, महादेव कोळी, कातकरी घरांतील स्त्रिया व मुली यांच्याच डोक्यावर हें ओझें येतें.

हा प्रश्न इतिहासजमा झालेला नाहीं. जव्हार तालुक्यांत पिंजाळ नदीवर मुंबईसाठीं धरण बांधण्याची योजना आहे. दमणगंगा व वाघ या नद्यांचें पाणी बोगद्यानें पिंजाळेंत आणण्याच्या योजनेसाठीं केंद्र सरकार, महाराष्ट्र व गुजरात यांच्यांत २०१० सालीं करार झाला. म्हणजे आणखी पाणी याच मुलखांतून जावयाचें आहे.

मुंबईनें पाणी आणूं नये, असें कोणीहि शहाणा मनुष्य म्हणणार नाहीं; एवढें मोठें शहर विहिरींवर जगूं शकत नाहीं. परंतु धरणाच्या अंदाजपत्रकांत भिंतीचा आणि नळाचा खर्च जसा आधीं मांडला जातो, तसाच वरच्या पाड्यांना पाणी चढवून देण्याचा, झरे बांधून राखण्याचा आणि उतारावर पाणी मुरविण्याचा खर्चहि आधींच मांडला पाहिजे. १८६० सालीं पाण्याबरोबर गटाराचा विचार झाला नाहीं, त्याची किंमत शहरानें अनेक वर्षें मोजली. उगमाकडच्या वस्त्यांचा विचार मागें राहिला, त्याची किंमत मात्र शहराला मोजावी लागत नाहीं. ती पाड्यावरची बाई रोज सकाळीं मोजते. म्हणूनच ती शहराच्या लक्षांत येत नाहीं.