नियम एकच, कारणे अनेक : कॅथलिक धर्मगुरूंच्या ब्रह्मचर्याचा इतिहास

मागच्या व्याख्यानानंतर एका श्रोत्यांनी विचारलं होतं, "सर, फादरनी लग्न करायचं नाही हे बायबलमध्येच सांगितलंय का?" प्रश्न एका ओळीचा आहे, पण उत्तरासाठी आपल्याला बरीच शतकं चालावं लागेल. आज तेवढंच करू.

आधी शब्द नीट पाहू. आपण सहज 'ब्रह्मचर्य' म्हणून जातो. पण आपल्याकडे तो पहिला आश्रम, त्यानंतर गृहस्थाश्रम येतो. चर्चच्या इतिहासात मात्र दोन गोष्टी वेगळ्या ठेवाव्या लागतात. एक, लग्नच न करणं. दुसरी, लग्न झालेलं असूनही शरीरसंबंध न ठेवणं. पहिल्या काही शतकांतला वाद मुख्यतः या दुसऱ्या गोष्टीचा होता, कारण धर्मगुरू विवाहित असत.

पेत्र विवाहित होता. मार्कच्या शुभवर्तमानात त्याच्या सासूचा उल्लेख येतो. पौलाला अविवाहित राहणं अधिक पसंत होतं, पण याबाबत प्रभूची आज्ञा आपल्याजवळ नाही, असं तो करिंथकरांना स्पष्ट कळवतो. तीमथ्याला लिहिलेल्या पत्रात तर बिशप एका पत्नीचा पती असावा, अशी अपेक्षा आहे. म्हणजे बायबलमध्ये अविवाहित राहण्याची शिफारस सापडते, धर्मगुरूंसाठी सक्ती सापडत नाही.

मग नियम आला कुठून? चौथ्या शतकाच्या सुरुवातीला स्पेनमध्ये एल्विरा इथे धर्मसभा भरली. तिच्या नावावर असलेल्या नियमांत धर्मगुरूंनी पत्नीपासून दूर राहावं असं म्हटलंय. ३८५ मध्ये पोप सिरिसियस यांनी स्पेनमधल्या एका बिशपना पत्र लिहून हेच बजावलं. त्यांचा युक्तिवाद बघा. जुन्या करारातले पुरोहित मंदिरातल्या पाळीपुरते पत्नीपासून दूर राहत. ख्रिस्ती धर्मगुरूची सेवा मात्र रोजची, म्हणून त्याचा संयमही रोजचा. आपल्याला हे समजायला जड जात नाही. हा सोवळ्याचा विचार आहे.

याच काळात ऑगस्टीन होऊन गेले. विवाह चांगलाच आहे, हे त्यांनी आग्रहाने मांडलं. अपत्य, निष्ठा आणि पवित्र बंधन ही त्याची तीन मूल्यं. पण कामवासनेवर मनाचा ताबा चालत नाही, यात त्यांना आदिपापाची खूण दिसली. पाश्चात्त्य चर्चच्या लैंगिकतेविषयीच्या विचारावर ही सावली फार काळ राहिली. ऑगस्टीन तरुणपणी अनेक वर्षं एका स्त्रीसोबत राहत होते. त्यांना मुलगा झाला, त्याचं नाव अदेओदातुस. पुढे तिला आफ्रिकेला परत पाठवलं गेलं. मुलाचं नाव आपल्याला ठाऊक आहे, तिचं नाव ऑगस्टीननी कुठेही लिहिलेलं नाही. ही गोष्ट मनात ठेवा, ती पुढे लागणार आहे.

पूर्वेकडच्या चर्चने वेगळी वाट धरली. कॉन्स्टँटिनोपल इथल्या ६९१-९२ च्या परिषदेने ठरवलं, की दीक्षेपूर्वी लग्न झालं असेल तर धर्मगुरूने पत्नीसोबत राहावं. बिशपने मात्र नाही. युक्रेनमधल्या ग्रीक कॅथलिक चर्चमध्ये आजही विवाहित धर्मगुरू आहेत, आणि ते पोपनाच मानतात.

पश्चिमेत अकराव्या शतकात नियमाला नवं कारण मिळालं. धर्मगुरूला मुलं झाली की चर्चची जमीन वारशाने घरात जाऊ लागली. १०२२ मध्ये पाविया इथल्या सभेने अशा मुलांना चर्चचे दास ठरवलं. 'संन्याशाची मुलं' म्हणून आळंदीत काय वाट्याला आलं, हे आपल्याला सांगायला नको. १०७४ नंतर पोप सातवे ग्रेगरी यांनी विवाहित धर्मगुरूंविरुद्ध मोहीमच उघडली. जर्मनीत आणि फ्रान्समध्ये धर्मगुरूंनी कडवा विरोध केला. १०८९ मध्ये मेल्फीच्या सभेने तर, संबंध न तोडणाऱ्या उपडीकनांच्या बायकांना दासी करण्याची मुभा सरदारांना दिली. नियम मोडला पुरुषाने, गुलामी बाईला! शेवटी ११३९ च्या दुसऱ्या लॅटरन परिषदेने असे विवाह मुळात विवाहच नाहीत, असं जाहीर केलं. काल जी पत्नी होती, ती कायद्याच्या भाषेत रखेल झाली.

पुढे ल्यूथर आले. १५२५ मध्ये त्यांनी कातारिना फॉन बोरा या माजी जोगिणीशी लग्न केलं. त्याला उत्तर म्हणून १५६३ मध्ये ट्रेंटच्या परिषदेने कौमार्य हे विवाहापेक्षा श्रेष्ठ, असं ठासून सांगितलं. म्हणजे आता तिसरं कारण आलं.

या लाटेचा एक धागा आपल्या किनाऱ्यावर येतो. केरळातल्या संत थॉमस ख्रिस्ती समाजात धर्मगुरू लग्न करत. १५९९ मध्ये गोव्याचे आर्चबिशप मेनेझिस यांनी कोचीजवळ उदयंपेरूर इथे धर्मसभा बोलावली आणि पत्नीला सोडा, नाहीतर वेदीची सेवा सोडा, असा पेच घातला. आज तिथल्या ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये विवाहित धर्मगुरू आहेत, शेजारच्या सीरो-मलबार कॅथलिक चर्चमध्ये नाहीत.

विसाव्या शतकात सूर बदलला. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ मध्ये दांपत्यप्रेमाचा मनापासून गौरव केला, आणि ब्रह्मचर्य ही धर्मगुरुपदाच्या स्वरूपातूनच येणारी अट नाही, हेही मान्य केलं. तरी नियम राहिला. १९६७ मध्ये पोप सहावे पॉल यांनी त्याचं समर्थन केलं ते अविभक्त मनाने केलेली सेवा म्हणून, देवराज्याची खूण म्हणून.

आता तत्त्वज्ञानाचा विद्यार्थी इथे काय विचारेल? कारण बदललं आणि नियम तोच राहिला, तर नियम कारणातून आला, की कारण नियमासाठी शोधलं गेलं? चर्च स्वतः याला शिस्त म्हणतं, श्रद्धातत्त्व म्हणत नाही. शिस्त बदलू शकते, हे त्यातच आलं.

पण एक गल्लत करू नका. या इतिहासाने व्रताची किंमत कमी होत नाही. वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो हरित वसईच्या लढ्यात उभे राहिले, तेव्हा अविभक्त मन म्हणजे काय ते आपण जवळून पाहिलं. व्रत माणूस स्वतः घेतो आणि त्याची किंमत स्वतः मोजतो. सक्तीचं तसं नसतं. तिची किंमत मेल्फीनंतर ज्यांनी मोजली, त्या बायकांना कोणी विचारलंही नव्हतं. आणि ऑगस्टीनच्या सोबतिणीप्रमाणेच, त्यांचीही नावं आपल्याजवळ नाहीत.

इथे थांबू. प्रश्न असतील तर जरूर विचारा.