शीघ्रकवीचा मुकुट आणि संगमनेरचा डफ

इ. स. १७२५ मध्ये रोमच्या कॅपिटोल टेकडीवर बेर्नार्दिनो पेर्फेत्ती या सिएनाच्या कवीला लॉरेलच्या पानांचा मुकुट घालण्यात आला. पोप तेरावे बेनेडिक्ट यांच्या कारकिर्दीतील ही घटना. १३४१ साली पेत्रार्काला येथेच हा मान मिळाला होता. पण पेत्रार्काची कीर्ती लेखणीची, तर पेर्फेत्ती शीघ्रकवी. श्रोत्यांनी विषय द्यावा आणि त्याने त्याच क्षणी कवन रचून गावे! १७७६ मध्ये कोरिल्ला ऑलिंपिका या कवयित्रीलाही तो मुकुट लाभला. टवाळखोरांनी मात्र तिची इतकी निंदा केली की तिने रोम सोडले. गाणाऱ्या स्त्रीच्या वाट्याला हे कोठेही चुकत नाही. त्याआधी पाच शतके असिसीच्या संत फ्रान्सिसने आपल्या बंधूंना प्रभूचे गाणारे भाट म्हटले होते. आपण त्यांना प्रभूचे शाहीर म्हणू या.

कारण शाहीर आपल्या घरचा आहे. अनंत फंदी (१७४४–१८१९) हा संगमनेरचा, मूळ आडनाव घोलप. त्या काळच्या शाहिरी फडांत तुरेवाले शिवाला श्रेष्ठ मानीत, कलगीवाले शक्तीला. डफ-तुणतुण्यावर एकाने सवाल टाकावा, दुसऱ्याने जागच्या जागी जबाब जुळवावा. ज्याला सुचले नाही तो हरला. फंदीपुढे गाणारा टिकत नाही, अशी ग्वाही समकालीन होनाजीने दिली आहे. प्रतिस्पर्धी कलावंताची ही ग्वाही मला रोमच्या मुकुटाहून मोलाची वाटते.

आपल्याच जिल्ह्यातील चौंडीच्या अहिल्याबाई होळकरांच्या उपदेशाने फंदीने तमाशा सोडून कीर्तन धरले, अशी आख्यायिका आहे. चरित्रकार याला उद्धार म्हणतात. परंतु समोरचा श्रोता पाहून शब्द फिरविण्याची हातोटी कीर्तनकारालाही लागतेच. ती फंदीने फडातच कमावली होती. पुढे नगरला राहिलेल्या रेव्हरंड ना. वा. टिळकांनी (१८६१–१९१९) तेच कीर्तन ख्रिस्तचरणी वाहिले. ते प्रॉटेस्टंट खरे. पण भजनाला पंथाची भिंत आड येत नाही.

पेर्फेत्तीची कवने त्याच्या मृत्यूनंतर, १७४८ साली छापली गेली. फंदीचे ‘माधवनिधन’ व काही पोवाडे आपल्या हाती आहेत. मात्र फडात रात्र चढत असता त्याने दिलेले जबाब लिहून घ्यायला तेथे कोणी बसले नव्हते. आपल्या धर्मग्रामातील भजनी मंडळात ऐनवेळी पद जुळविणारे वृद्ध असतील, तर घरातील मुलांनी यंदाच्या मतमाउलीच्या यात्रेपूर्वीच त्यांच्याजवळ वही घेऊन बसावे. आणि पदाबरोबर ते कोणाला, कोठे आणि कशावरून उत्तर म्हणून सुचले, तेही विचारून घ्यावे.