तोंडचे पाणी का पळते?

भीती वाटली की तोंडचे पाणी पळते, पोटात गोळा येतो, अंगावर काटा उभा राहतो, हातपाय गार पडतात. मी कवी, हे वाक्प्रचार माझ्या रोजच्या वापरातले. पण शरीरशास्त्राचा इतिहास वाचला की कळते, आपल्या पूर्वजांची ही निरीक्षणे किती नेमकी आहेत!

क्ष-किरणांचा शोध लागला १८९५ मध्ये. पुढच्याच वर्षी अमेरिकेत हार्वर्डमधला वॉल्टर कॅनन हा वैद्यकीय विद्यार्थी त्या किरणांनी प्राण्यांचे पचन पाहू लागला. बिस्मथ मिसळलेले अन्न खाल्लेल्या मांजराचे जठर पडद्यावर दिसे. मांजर बिथरले की जठराची हालचाल थांबे; ते शांत झाले की पुन्हा सुरू होई. पुढे १९११ मध्ये त्यांना भुंकणाऱ्या कुत्र्याला भ्यालेल्या मांजराच्या रक्तात ॲड्रेनल ग्रंथींचा स्राव आढळला. १९१५ च्या ग्रंथात कॅननने याचा अर्थ उलगडला. संकट आले की शरीर लढायला किंवा पळायला सज्ज होते. हृदय वेगाने धडधडते, यकृतातली साखर रक्तात उतरते, पोटाकडचे आणि कातडीकडचे रक्त स्नायूंकडे वळते. हात गार पडतात ते म्हणूनच.

पण ही सारी जुळवाजुळव करतो कोण? झुरिचच्या वॉल्टर हेस यांनी जाग्या मांजरांच्या मेंदूत बारीक तारा बसवून सौम्य वीजप्रवाह सोडला. हायपोथॅलॅमस या छोट्याशा भागात ठरावीक जागी प्रवाह पोचला, की समोर शत्रू नसतानाही मांजराचे केस ताठ होत, डोळ्यांच्या बाहुल्या विस्फारत आणि ते फिस्कारून पंजा उगारी. म्हणजे शरीराची तयारी आणि वागणे यांची दोरी एकाच ठिकाणाहून हलते. हेस यांना १९४९ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले.

हे केवळ प्रयोगशाळेतले ज्ञान नव्हे. पहिल्या महायुद्धात ब्रिटिश लष्कराने पलायन, भेकडपणा अशा आरोपांखाली आपल्याच सैनिकांना गोळ्या घातल्या. तोफांच्या भडिमाराने ज्यांची मज्जासंस्था कोलमडली होती, असेही त्यांत होते. २००६ मध्ये ब्रिटनने अशा ३०६ जणांना मरणोत्तर माफी दिली. नव्वद वर्षे लागली!

हात थरथरणे हा गुन्हा नाही. ते हात आपल्याच धन्याला वाचवायला निघालेले असतात. कोणाला भित्रा म्हणण्याआधी एवढे आठवले तरी पुरे.