गाव सुटलं की आडनाव लागतं

उलव्यात नव्याने राहायला आलेल्या माणसाला पहिल्या आठवड्यात एक प्रश्न हमखास येतो. लिफ्टमध्ये, किराणा दुकानात, खारकोपर स्टेशनच्या रिक्षा स्टँडवर. "तुमचं गाव कुठलं?" सेक्टर नंबर सांगून भागत नाही, विचारणाऱ्याला त्या आधीचं काहीतरी हवं असतं. इथे सगळेच कुठून तरी आलेले. नावांच्या पाट्या वाचा: चिपळूणकर, देवरुखकर, पेडणेकर, सातारकर. अर्ध्या इमारतीचा नकाशा दारावरच लावलेला असतो.

गंमत अशी की मूळ उलवे गावात 'उलवेकर' शोधायला गेलात तर हाती फारसं काही लागणार नाही. तिथे भेटतात ते पाटील, म्हात्रे, घरत, कोळी, भगत, ठाकूर. कारण साधं आहे. उलव्यातल्या माणसाला उलव्यात कोण 'उलवेकर' म्हणेल? गावात सगळेच त्या गावचे. 'कर' लागतो तो गाव सोडल्यावर, आणि बहुधा दुसऱ्यांनी हाक मारताना लागतो.

ही गोष्ट नीट समजून घ्यायची तर उलव्यापासून फार लांब जायला नको. पनवेल गावात 1849 साली बांधलेलं एक प्रार्थनास्थळ आहे, बेथ एल सिनेगॉग. ते ज्यांनी बांधलं त्या बेने इस्राएल लोकांची आडनावं आज इस्रायलमधल्या अश्दोद, दिमोना, बीरशेबा, रामला, लोद या शहरांत सापडतात. पेणकर, दिवेकर, राजपूरकर, केहिमकर, नवगावकर, रोहेकर, अष्टमकर, चौलकर, वाक्रूळकर. भूमध्य समुद्राच्या काठावर आणि नेगेवच्या वाळवंटात रायगड जिल्ह्यातली गावं अशी पसरलेली आहेत.

तेली ते 'कर'

बेने इस्राएलांची मूळकथा तुम्ही ऐकली असेल. अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्याला एक गलबत फुटलं, सात पुरुष आणि सात बायका वाचल्या, बुडालेल्यांना तिथेच पुरलं, आणि वाचलेले कोकणातल्या गावांत पांगले. ही परंपरेने सांगितलेली कथा आहे. कधीची, यावर अभ्यासकांचं एकमत नाही. पण पुढचं चित्र बरंच स्पष्ट आहे. हे लोक घाण्यावर तेल गाळत, मराठी बोलत, नऊवारी नेसत. शनिवारी मात्र घाणा बंद ठेवत. म्हणून गावाने त्यांना नाव दिलं, 'शनिवार तेली'.

या नावाकडे जरा थांबून बघा. त्यात धंदा आहे, सुट्टीचा वार आहे, पण गाव नाही. गावगाड्यात माणसाची ओळख त्याच्या कामावरून आणि जातीवरून ठरे. आडनावाची गरजच नव्हती. माणसांची नावंही आजूबाजूच्या मराठी नावांसारखीच होती: अब्राहमचा आबाजी, सॅम्युएलचा सामाजी, इझिकेलचा हसाजी, मोझेसचा मुसाजी. शेजारच्या रामजी-धोंडजीच्या रांगेत मुसाजी सहज खपून जाई.

अठराव्या शतकाच्या मध्यापासून हे लोक मुंबईत येऊ लागले. कोणी ईस्ट इंडिया कंपनीच्या पलटणीत शिपाई झाला, कोणी सुतार, गवंडी, पुढे कारकून. आता एकाच वस्तीत चार सामाजी आणि सहा आबाजी. कुठला सामाजी? दिव्याचा. मग तो दिवेकर. कुठला आबाजी? पेणचा. मग तो पेणकर. तेल गाळायचं काम गावात राहिलं आणि 'तेली' हे नावही हळूहळू मागे पडलं. नव्या शहरात त्यांनी जे नाव लावलं, ते जात सांगत नव्हतं. ते फक्त कुठून आलो एवढंच सांगत होतं.

यातला सगळ्यात माहितीतला दिवेकर म्हणजे सामाजी हसाजी दिवेकर, इंग्रजी कागदांतला सॅम्युएल इझिकेल. कंपनीच्या फौजेत होता, टिपू सुलतानाच्या कैदेत सापडला, सुटून आला आणि 1796 साली त्याने मुंबईतलं पहिलं सिनेगॉग बांधलं. त्या रस्त्याला आजही सॅम्युएल स्ट्रीट म्हणतात. बेने इस्राएल आपल्या प्रार्थनास्थळाला मशीद म्हणत. हार्बर लाइनने जाताना लागणाऱ्या मस्जिद स्टेशनाचं नाव याच 'जुन्या मशिदी'वरून आलं असं सांगतात. दिवेआगरचं नाव लावणाऱ्या शिपायाची खूण आपण रोज लोकलच्या इंडिकेटरवर वाचतो.

'कर' सगळ्यांचाच

हा 'कर' काही बेने इस्राएलांनी शोधलेला नाही. कोकणात आणि गोव्यात तो सगळ्या जातीधर्मांत चालतो. मंगेशीचे म्हणून दीनानाथांनी मंगेशकर हे आडनाव घेतलं. मंडणगड तालुक्यातलं आंबडवे हे गाव नसतं तर सकपाळांच्या घरातल्या भीमरावांचं आडनाव आज आपण वेगळंच उच्चारलं असतं. त्यामुळे मुंबईत 'चौलकर' ऐकून माणूस हिंदू, मुसलमान की यहुदी हे कळायला मार्ग नव्हता. जुन्या हिंदी सिनेमातले, 'बूट पॉलिश'मधले जॉन चाचा आठवतात? ते डेव्हिड. पूर्ण नाव डेव्हिड अब्राहम चौलकर. आयुष्याच्या शेवटी ते कॅनडात होते.

गावावरून आडनाव हा प्रकार जगभर आहे. हंगेरियन भाषेत गावाच्या नावाला नुसता 'इ' जोडतात. सेगेद शहराचा तो सेगेदी, देब्रेत्सेनचा तो देब्रेत्सेनी. त्यांचा 'इ' म्हणजे आपला 'कर'. पत्रकारितेतल्या पुरस्कारामुळे सगळ्यांना माहीत असलेला जोसेफ पुलित्झर 1847 साली हंगेरीतल्या मको गावात जन्मला. पण त्याच्या यहुदी घराण्याचं आडनाव मकोचं नाही. पूर्वज मोराव्हियातल्या पुलित्स गावाहून आलेले, म्हणून पुलित्झर. तो अमेरिकेत गेला आणि ते छोटं गाव न्यूयॉर्कच्या वर्तमानपत्रावर छापलं जाऊ लागलं. आडनावात नेहमी सोडलेलंच गाव राहतं. राहतं गाव आडनावात येत नाही.

बेने इस्राएलांनी आपला इतिहास लिहायला घेतला तोही अशाच आडनावाच्या माणसांनी. हाईम सॅम्युएल केहिमकर यांनी 1875 साली मुंबईत समाजासाठी शाळा सुरू केली आणि 1897 पर्यंत समाजाचा इतिहास लिहून पूर्ण केला. तो छापून आला 1937 साली, त्यांच्या मृत्यूनंतर जवळजवळ तीस वर्षांनी, आणि तोही तेल अवीवमध्ये. किहीमचा माणूस, मुंबईत लिहिलेलं पुस्तक, छापखाना तेल अवीवचा. जोसेफ इझिकेल राजपूरकर यांनी हिब्रू प्रार्थना मराठीत आणल्या, म्हणजे राजपुरीच्या माणसाने आपल्या लोकांना त्यांचा देव त्यांच्याच भाषेत वाचून दाखवला.

सगळ्यांनी गाव ठेवलं असंही नाही. शहरात शिकलेल्या अनेकांनी आजोबा-वडिलांचं नावच आडनाव म्हणून लावलं: इझिकेल, सॅमसन, रूबेन, डेव्हिड. 'कर' कानाला गावठी लागत असेल किंवा इंग्रजी ऑफिसात इझिकेल सोपं पडत असेल. काहींनी नुसतं गावच ठेवलं. डॉक्टर जेरुशा झिराड यांना 1966 साली पद्मश्री मिळाली. झिराड हे अलिबागजवळचं गाव, 'कर' न लावता तसंच्या तसं.

तुमची आजी कोण होती?

1948 च्या आसपास भारतात बेने इस्राएल वीस हजारांच्या घरात होते. पुढच्या दोन-तीन दशकांत त्यातले बहुतेक इस्रायलला गेले. इथून कोणी हाकललं म्हणून नव्हे. कोकणात त्यांचा धर्मावरून छळ झाल्याची आठवण समाज सांगत नाही. ते गेले ते प्रार्थनेत रोज ज्या भूमीचं नाव घेत होते तिथे. तिथल्या सरकारने नव्याने उभारलेल्या गावांत, वाळवंटाच्या कडेला, कारखान्यांच्या शेजारी त्यांना घरं मिळाली. म्हणून आज त्यांची आडनावं तेल अवीवच्या मध्यावर कमी आणि दिमोना, येरुहाम, किर्यात गात अशा ठिकाणी जास्त भेटतात.

आणि तिथे त्यांना जो प्रश्न विचारला गेला तो "तुमचं गाव कुठलं" इतका साधा नव्हता. तुम्ही खरंच यहुदी आहात का, असा तो होता. इस्रायलमध्ये लग्न लावण्याचा अधिकार धर्मपीठाकडे. बेने इस्राएल माणूस दुसऱ्या यहुदी समाजातल्या कोणाशी लग्न करायला गेला की त्याच्या आईच्या बाजूची जितकी मागे जाता येईल तितकी चौकशी करावी, अशा सूचना 1962 साली निघाल्या. शेकडो वर्षं जो समाज रब्बींपासून दूर कोकणात जगला, त्याच्या घटस्फोट-पुनर्विवाहांचं काय, असा त्यांचा आक्षेप होता.

विचार करा. घाण्यावर तेल गाळणाऱ्या पणजीचा दाखला कुठून आणायचा? कोकणात कोण कुठल्या घरचं हे तोंडीच चाले. पेणकरांची मुलगी राजपूरकरांकडे दिली, एवढं सांगितलं की घराणं कळे. समाजात गोरे इस्राएल आणि काळे इस्राएल असा भेद पाळत तोही याच तोंडी माहितीवर. म्हणजे पारखून घेण्याची, दूर ठेवण्याची सवय त्यांनाही नवी नव्हती. पण आता पारखणारा दुसरा होता आणि त्याला रोहे-अष्टमी कशाशी खातात ते ठाऊक नव्हतं. जे आडनाव इथे पुरावा होतं तेच तिथे संशय झालं.

लोक रस्त्यावर आले, मोर्चे निघाले, संप झाला. शेवटी ऑगस्ट 1964 मध्ये इस्रायलच्या संसदेने या प्रश्नावर खास बैठक घेतली आणि बेने इस्राएल हे सर्वार्थाने यहुदी आहेत असं सरकारने स्पष्ट केलं. धर्मपीठाला सूचनांमधून या समाजाचं नाव काढावं लागलं.

त्या काळात इस्रायलमध्ये आणखी एक वारं होतं: जुनं आडनाव टाका, हिब्रू घ्या. पहिले पंतप्रधान बेन गुरियन स्वतः पोलंडमधले ग्रुन, त्यांनी आडनाव बदललं आणि अधिकाऱ्यांनाही बदलायला लावलं. अशा हवेत कित्येक पेणकर, दिवेकर तसेच राहिले हे मला महत्त्वाचं वाटतं. ज्या आडनावामुळे परकं ठरवलं गेलं ते टाकून देणं सगळ्यात सोपं होतं.

आडनावं राहिली, पण थोडी झिजली. हिब्रू लिपीत बहुतेक स्वर लिहीत नाहीत. 'पेणकर' लिहिलं की उरतात प, न, क, र. पहिलं अक्षर प किंवा फ दोन्ही वाचता येतं, ण तर नाहीच. थळ आणि तळा ही रायगडातली दोन वेगळी गावं, पण ळ नसलेल्या लिपीत थळकर आणि तळकर यांतला फरक सहज पुसला जातो. आणि हिब्रूत 'कर' या शब्दाचा अर्थ आहे थंड. आपल्या नावातला सगळ्यात ऊबदार तुकडा तिथल्या शाळेत मुलांना असा ऐकू येतो. तरी मराठी पुरती गेली नाही. तिथे 'मायबोली' नावाचं मराठी नियतकालिक निघत आलं आहे, आणि एलियाहू हन्नबीच्या नावाने पोह्यांचा मलिदाही होतो.

उलवेकर

भारतात आता हा समाज काही हजारांवर आला आहे, मुख्यतः मुंबई, ठाणे आणि रायगडात. 2016 साली महाराष्ट्राने यहुद्यांना अल्पसंख्याक दर्जा दिला. अलिबागेत इस्राएल आळी आहे. पनवेलचं बेथ एल उभं आहे. आडनावात अडकलेली गावंही बहुतेक जागेवर आहेत. अश्दोदहून एखादा नवगावकर आला तर त्याला नवगाव दाखवता येतं.

उलव्याचं तसं नाही. विमानतळासाठी इथली दहा गावं उठली: उलवे, तरघर, कोंबडभुजे, गणेशपुरी, चिंचपाडा, कोल्ही, कोपर, वरचे ओवळे, वाघिवली आणि वाघिवलीवाडा. उलव्याचा डोंगर सपाट झाला, नदी वळवली गेली. माणसं पुष्पक नगर आणि आसपासच्या नव्या प्लॉटांवर गेली. ती पाटील, म्हात्रे, घरत म्हणून गेली. त्यांच्या आडनावात गाव नाही, कारण पिढ्यानपिढ्या त्यांना गाव सोडावं लागलं नव्हतं. आता सोडलं, तर आडनावं कधीचीच आधार कार्डावर पक्की झालेली. कोपरचा माणूस आता कोपरकर होणार नाही. दोनशे वर्षांपूर्वी असं उठावं लागलं असतं तर झाला असता.

ऑक्टोबर 2025 मध्ये विमानतळाचं उद्घाटन झालं. गॅलरीत उभं राहिलं की विमानं दिसतात. एखाद दिवशी कोणी दिवेकर किंवा पेणकर इथे उतरेल, आजीने सांगितलेलं गाव शोधायला. त्याच्याकडे निदान आडनावात पत्ता आहे. धावपट्टीखालच्या दहा गावांची नावं मात्र कोणाच्याच आडनावात नाहीत. ती सांगायची असतील तर तोंडानेच सांगावी लागतील, "तुमचं गाव कुठलं" असं कोणी विचारलं की.