लाला दीनदयाळ : इंदूरच्या कचेरीतून छायाचित्रणाच्या पेढीकडे



इंदूरच्या इतिहासाचा विषय निघाला की होळकरांची दौलत, अहिल्याबाईंचे दातृत्व, कापडाच्या गिरण्या आणि आपल्या मराठी मंडळींनी येथे उभारलेल्या शाळा व वाचनालये यांची नावे आपोआप ओठांवर येतात. ती यावयासच हवीत. पण ह्याच शहरातील एका सरकारी कचेरीत नकाशे आणि अंदाजपत्रके करीत बसणाऱ्या एका गृहस्थाने पुढे हिंदुस्थानातील छायाचित्रणाच्या धंद्यात अग्रस्थान मिळविले, ही गोष्ट मात्र आपण सहसा सांगत नाही. हैदराबादकर त्यांना आपले मानतात. आपला त्यांच्यावरील हक्क त्याहून जुना आहे.

दीनदयाळ यांचा जन्म 1844 साली मेरठजवळच्या सरधना येथे झाला. रुडकीच्या थॉमसन अभियांत्रिकी महाविद्यालयात त्यांनी शिक्षण घेतले आणि 1866 मध्ये ते इंदूरला बांधकाम खात्यात नोकरीस लागले. काम आराखडे काढण्याचे आणि खर्चाचे अंदाज बांधण्याचे. कॅमेरा त्यांच्या हाती आला तो 1874 मध्ये, म्हणजे वयाच्या तिसाव्या वर्षी. तिसाव्या वर्षी नवी विद्या शिकण्यास बसणे हे आजही सोपे नाही. त्या काळी तर ह्या विद्येत अंगमेहनतही भरपूर होती. काचेच्या तावदानावर कलोडियन नावाचा चिकट द्रव सारखा पसरावयाचा, ती काच अंधारात रुप्याच्या क्षाराच्या पाण्यात बुडवावयाची आणि ओली असतानाच कॅमेऱ्यात घालून चित्र घ्यावयाचे. मग काच वाळण्यापूर्वीच तिच्यावर रसायनांची क्रिया करावयाची. माळव्याच्या उन्हाळ्यात त्यासाठी हाती किती अवधी उरत असेल, याची कल्पना करावी. दौऱ्यावर निघावयाचे तर काचा, बाटल्या, तंबू आणि पाणी सारे बरोबर न्यावे लागे.

हा छंद छंदच राहिला नाही, याची कारणे दोन. पहिले म्हणजे आश्रय. मध्य हिंदुस्थानातील गव्हर्नर जनरलचे एजंट सर हेन्री डेली आणि इंदूरचे महाराज दुसरे तुकोजीराव होळकर यांनी त्यांना उत्तेजन दिले. 1875-76 मध्ये युवराज एडवर्ड हिंदुस्थानात आले, तेव्हा त्या दौऱ्यातील छायाचित्रे घेण्याची संधी त्यांना लाभली. दुसरे कारण मला अधिक महत्त्वाचे वाटते, ते म्हणजे त्यांची कचेरी. इमारतीकडे मोजमापाच्या नजरेने पाहण्याची सवय त्यांना तेथे लागली होती. त्यांची देवळांची आणि किल्ल्यांची चित्रे पाहावीत : कॅमेरा कोठे उभा करावयाचा हे त्यांनी नेमके ठरविलेले दिसते, खांब तिरपे होत नाहीत, शिखर चौकटीत पुरते बसते. हा नुसत्या हौशी माणसाचा हात नव्हे.

1882-83 मध्ये डेलींच्या जागी आलेले सर लेपेल ग्रिफिन यांच्याबरोबर ते बुंदेलखंडात हिंडले. ग्रिफिन यांचे मध्य हिंदुस्थानातील प्रसिद्ध वास्तूंविषयीचे पुस्तक 1886 मध्ये लंडनला निघाले. मजकूर ग्रिफिन यांचा, छायाचित्रे दीनदयाळ यांची. पुस्तक ओळखले जाते ते मात्र साहेबांच्या नावाने.

ह्या सुमारास त्यांनी जे केले ते व्यवहारी माणसाचे लक्षण आहे. नोकरी त्यांनी एकदम सोडली नाही. आधी दोन वर्षांची रजा घेतली, धंदा अजमावला, आणि मगच निवृत्तिवेतन घेऊन ते मोकळे झाले. (अंदाजपत्रके करणाऱ्याने स्वतःचेही अंदाजपत्रक केले, असे म्हणावयास हरकत नसावी.) सिकंदराबादेस त्यांची चित्रशाळा उभी राहिली, सहावे निजाम महबूब अली खान यांच्या दरबारी त्यांची नेमणूक झाली, आणि 1894 मध्ये निजामांनी त्यांना ‘राजा बहादूर मुसव्विर जंग’ हा किताब दिला. 1896 मध्ये मुंबईतही शाखा निघाली. पडदानशीन स्त्रियांसाठी 1892 मध्ये हैदराबादेत त्यांनी वेगळी जनाना चित्रशाळा काढली आणि ती केनी-लेव्हिक नावाच्या इंग्रज बाईंच्या हाती सोपविली. समाजाची रीत न मोडता त्याच रीतीतून नवे गिऱ्हाईक मिळविण्याची ही युक्ती खरोखर दाद देण्याजोगी आहे.

आश्रयाची किंमतही असते, आणि ती लपवू नये. शिकारीत मारलेले वाघ, मेजवान्या, लष्करी कवायती, व्हाइसरॉयांच्या भेटी यांनी त्या पेढीचे आल्बम भरले आहेत; जे दाखवावे असे धन्याला वाटे तेच पुष्कळदा कॅमेऱ्यासमोर आले. 1899-1900 च्या भीषण दुष्काळात औरंगाबाद भागातील मदतकार्याची चित्रेही ह्याच पेढीने घेतली. हा मुलूख तेव्हा निजामाच्या राज्यात होता आणि ती माणसे बहुतांशी आपली, मराठवाड्यातील शेतकरी कुटुंबे. चित्रे घेण्याचा हेतू राज्यकर्त्यांनी केलेले साहाय्य नोंदविणे हा होता. पण काच हेतू पाहत नाही. समोर जे होते ते तिने धरून ठेवले. दरबारी चित्रांखाली सरदारांची नावे सापडतात. ह्या माणसांची नावे कोणी लिहून ठेवली नाहीत. मला विचाराल तर राजांच्या तसबिरींपेक्षा हा आल्बम अभ्यासकांनी आधी उघडावा.

5 जुलै 1905 रोजी दीनदयाळ निवर्तले. एक कर्तबगार मुलगा, धरमचंद, आदल्याच वर्षी गेला होता. पेढीचे वैभव पुढे तसे राहिले नाही. 1989 मध्ये दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्राने त्यांच्या 2,857 काचेच्या मूळ प्रती विकत घेतल्या, आणि 2006 मध्ये टपाल खात्याने त्यांच्या नावे तिकीट काढले.

येथे जमलेल्या माजी विद्यार्थ्यांपैकी अनेकांची घराणी चार-पाच पिढ्या इंदुरात, ग्वाल्हेरीत किंवा हैदराबादेत नांदलेली आहेत. आजोबा-पणजोबांच्या काळातील तसबिरी माळ्यावर असतील तर त्या फेकण्यापूर्वी पुठ्ठ्याची मागची बाजू एकदा उजेडात धरून पाहावी. छायाचित्रकाराच्या पेढीचे नाव बहुधा तेथेच छापलेले असे.