पाच सेकंदांचा फरक

जॉर्ज एव्हरेस्ट यांचं नाव शिखराला मिळालं. त्यांच्या मोजणीतली थिओडोलाइटं दुरुस्त करून चालती ठेवणारे आर्काटचे सय्यद मीर मोहसिन हुसेन मात्र पाठ्यपुस्तकात भेटत नाहीत. मला ते आधी आठवतात, कारण पुढची सगळी गोष्ट त्या यंत्रांच्या अचूकपणावर उभी आहे.

माळव्यातलं कल्याणपूर आणि उत्तरेचं कलियाना. या दोन ठाण्यांमधला अक्षांशांचा फरक दोन रीतींनी काढला गेला: जमिनीवर त्रिकोण आखून आणि ताऱ्यांचे वेध घेऊन. उत्तरांत 5.236 सेकंदांची तफावत आली, म्हणजे सुमारे सहाशे किलोमीटरमागे जेमतेम 160 मीटर. एव्हरेस्ट यांनी ती मोजणीतल्या चुकांच्या खाती टाकली. हुसेनसाहेबांच्या हातांवर हा अन्यायच म्हणायचा!

कलकत्त्याचे धर्मगुरू आणि गणिती जॉन प्रॅट यांनी वेगळा विचार केला. हिमालय ओळंब्याला आपल्याकडे ओढत असणार. पण त्यांनी हिशेब मांडला तर तफावत 15.885 सेकंद यायला हवी होती. पर्वत दिसतो तेवढा ओढत नव्हता. 1855 मध्येच जॉर्ज एअरी यांनी उत्तर सुचवलं: पाण्यातला जो ओंडका जास्त वर दिसतो तो तितकाच खोल बुडालेला असतो, तसं पर्वताखाली हलक्या खडकाचं मूळ असावं. प्रॅट यांना ते पटलं नाही. उंच भागाखालचा खडकच विरळ असतो, असं त्यांचं म्हणणं.

खाली डोकावायची सोय भूकंपांनी केली. 1909 मध्ये क्रोएशियाच्या मोहोरोविचिच यांनी लहरींच्या नोंदींवरून कवच आणि प्रावरण यांमधली सीमा ओळखली. ती ओलांडली की लहरींचा वेग एकदम वाढतो. तिबेटखाली ही सीमा सुमारे 70 किलोमीटरवर सापडते, एरवी खंडांखाली ती 35-40 वर असते. एअरी जिंकले, असं वाटावं.

पण 1991-92 मध्ये चिनी आणि अमेरिकी शास्त्रज्ञांनी पठारावर भूकंपमापक मांडले, तेव्हा पेच स्पष्ट झाला. दक्षिणेत प्रावरणाच्या माथ्यातून लहरी वेगानं जातात, कारण तिथे भारताचा थंड, ताठ खडक आत सरकलेला आहे. उत्तरेत त्या मंदावतात, आणि ‘एसएन’ नावाच्या कातर लहरी तर जवळजवळ विरून जातात. तापलेल्या, मऊ खडकात असंच होतं. तिथे कवच दक्षिणेपेक्षा पातळ, तरी पठाराची उंची तशीच. खालचं गरम, म्हणून हलकं झालेलं प्रावरण तिथे भार पेलतं, असं बहुतेक अभ्यासक मानतात. एकाच पठाराखाली प्रॅट यांनाही जागा मिळाली!

भारताचं प्रावरण उत्तरेला नेमकं कुठवर पोचलंय, यावर मात्र वाद आहे. पश्चिमेकडे ते बरंच पुढे गेलेलं दिसतं, पूर्वेकडे अलीकडेच थांबतं.